दोन्हीकडे एकच

मित्रांनो, मला जुना म्हणाल तर मी वापरात होतो फक्त नऊ दिवस. नवा म्हणाल तर कपाटात पडून तीन वर्षं झाली. मी स्प्लिटर आहे. काडेपेटीएवढी काळी डबी, एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन. कॉम्प्युटरची केबल या बाजूला घाला, दोन स्क्रीन त्या बाजूला लावा, की एका स्क्रीनवर जे दिसतं तेच दुसरीवर दिसतं. तेच, वेगळं काही नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच बोंबललं.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर डब्या तपासायची. समोरच्या दोन्ही स्क्रीनवर एकच लाल फूल आलं की ती जांभई देत म्हणायची, "पास," आणि पुढची डबी उचलायची. मीही पास झालो. वाटलं, सुटलो, आता जन्मभर परीक्षा नाही. किती बावळट होतो मी.

पुढे दुकानात काचेमागे लटकलो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी अर्धी धावतच आली. तिला घाई होती आणि दुकानदाराला झोप. ती म्हणाली, बाबांच्या कॉम्प्युटरला दोन स्क्रीन जोडायच्या आहेत, काय लागेल? दुकानदाराने मला काढून तिच्या हातात ठेवलं.

"बाकी काही नको ना?"

"काही नको, ताई. लावलं की झालं."

एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता, तो विचारला नाही. तिला सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही. मला दोन्ही माहीत होतं, पण मला तोंड कुठे? मला नुसती भोकं.

मुलगी त्यांना बाबा म्हणायची म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांनी तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. आई सांगायची, या माणसाने औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा लाल पेनने सुधारलाय. छापखाना बंद पडला आणि बाबा घरात बसून वाळायला लागले. मग एका ग्रंथालयाचं काम चालून आलं. तिथली जुनी छापील पुस्तकं नव्याने टाइप होत होती. मूळ पान आणि टाइप केलेलं पान ताडून चुका टिपायच्या. आधी चाळीस पानं परीक्षेला. ती जमली तर कपाटभर पुस्तकं, म्हणजे काही वर्षांचं काम. बाबा त्या दिवशी घोटून दाढी करून खुर्चीवर बसले होते म्हणे.

पण एका स्क्रीनवर जमेना. मूळ पानावरची ओळ वाचून दुसऱ्या पानावर जाईपर्यंत ती ओळ मनातून निसटायची. परत मागे, परत पुढे. बाबा म्हणायचे, डोळे दुखतात. घरात सगळ्यांनी ते खरं मानलं. डोळे दुखतात म्हणणाऱ्याला कोण खोदून विचारतंय?

म्हणून दुसरी स्क्रीन. ती मुलीच्या ऑफिसने मोडीत काढलेली होती. ती टेबलावर आली तेव्हा आई म्हणाली, "एक माझं तोंड बघवत नव्हतं, आता समोर दोन-दोन घेऊन बसा." बाबा हसले. मुलीने सकाळी घाईघाईत मला मधे जोडलं. दोन्ही स्क्रीन उजळल्या. तिने दोन्ही फायली उघडल्या आणि चप्पल घालता घालता सांगितलं, "डावीकडे मूळ, उजवीकडे टाइप केलेलं. सावकाश करा हं, बाबा." आणि बस पकडायला पळाली.

डावीकडे मूळ नव्हतंच हो. टाइप केलेली फाइल वर होती, मूळ तिच्या मागे झाकलेलं. मी बिचारा इमानेइतबारे तेच पान दोन्हीकडे दाखवत होतो.

बाबांनी लाकडी पट्टी घेतली. डावीकडच्या ओळीखाली धरली, वाचली. उजवीकडे धरली, वाचली. जुळली. पुढची ओळ. जुळली. मी वाट बघत होतो, आता लक्षात येईल, मग लक्षात येईल. माउसचा बाण दोन्हीकडे एकदमच हलत होता. मूळ पान पिवळट असणार, ही दोन्ही पानं पांढरीफटक होती. ज्या माणसाला खोक्यावरचा अनुस्वार दिसायचा त्याला हे दिसेना. पट्टी नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे.

नऊ दिवस असं चाललं. बाबा खुशीत आले. शीळ घालायला लागले. आईला म्हणाले, टाइप करणारा हिरा आहे, पानामागून पान जातंय आणि एक चूक सापडत नाही. माझ्यावर बोट आपटून मुलीला म्हणाले, "बरी आणलीस गं ही डबी. डोकं हलकं झालं."

जन्मात माझं एवढंच कौतुक झालं, आणि त्या वेळी मला मरून जावंसं वाटत होतं. माझ्या हातात एकच होतं, बंद पडणं. तेही जमलं नाही. दिवा हिरवागार, तार घट्ट, आत सगळं ठणठणीत.

नवव्या दिवशी बाबांनी चाळीसही पानं पाठवून दिली. दहाव्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. परीक्षेच्या पानांत त्यांनी मुद्दाम चुका पेरल्या होत्या, एकशे बारा. बाबांनी एकही धरली नव्हती. पहिल्याच पानावर एक अख्खी ओळ गाळलेली होती. बाबा फोनवर शांतपणे म्हणत राहिले, "मी पट्टी लावून बघितलंय, बाई."

मुलीने घरी येऊन स्क्रीन बघितल्या आणि तिला सगळं कळलं. तिने मला उपटलं आणि रागाने धुमसत दुकान गाठलं. त्या दिवशी गल्ल्यावर दुकानदाराचा भाऊ होता. त्याने आधी तोच प्रश्न विचारला.

"दोन्हीकडे एकच दिसायला हवं की वेगळं?"

"वेगळं."

"मग हे नाही चालणार. हे दुकानात टीव्ही लावतात ना ओळीने, त्याला." त्याने कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. तिच्या फोनमध्ये होता. "हे बघा, दुसरी जागा आहेच की. फक्त तोंड वेगळं आहे. इथे हा कन्व्हर्टर लागेल." त्याने बोटभर लांबीची तार काढून दिली. तिला भांडायचं होतं आणि भांडायला काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात तो सहज बोलून गेला, "पण हे पहिल्या दिवशीच कळलं असेल ना? लहान पोरालाही कळतं."

मी तिच्या मुठीत होतो. मूठ आधी घट्ट झाली, मग एकदम सैल पडली. तिचा राग कुठे गेला कोण जाणे. ती कन्व्हर्टरचे पैसे देऊन बाहेर आली आणि फुटपाथवरच थांबली. डोळ्यांचं दुखणं नव्हतं, हे तिला तिथे समजलं.

कन्व्हर्टर लागला. डावीकडे पिवळट, उजवीकडे पांढरं, हवं तसं. ग्रंथालयाने आणखी दहा पानं दिली. मी टेबलाच्या कडेला पडून बघत होतो. बाबा डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, मग पट्टी हवेतच थांबायची. आईला त्यांनी विचारलं, मूळ कुठलं? तिने सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी आईचा चेहरा बघितला आणि पट्टी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ग्रंथालयाला पत्र टाइप केलं की हे काम माझ्याकडून होणार नाही. पाठवण्याआधी मुलीला बोलावलं.

"बघ गं, काही चूक राहिली का?"

तिने वाचलं. ज्या छापखान्यात त्यांची तीस वर्षं गेली, त्याचंच नाव चुकलं होतं. ते तिला दिसलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "बिनचूक आहे."

तेव्हापासून मी कपाटात आहे. तर मित्रांनो, दोन स्क्रीन जोडायला काही घ्यायचं असेल तर आधी कॉम्प्युटरच्या मागे डोकावा, आणि दोन्हीकडे एकच हवं की वेगळं, ते दुकानात सांगा. एवढं सोपं आहे ते. दुसरं सांगणं अवघड आहे. घरात कुणी डोळे दुखतात म्हणालं, तर त्याला वस्तू आणून देऊन पळू नका. पाच मिनिटं त्याच्या खुर्चीशेजारी बसा आणि तो जे बघतोय ते बघा. त्याने दुखणं बरं होईल असं मी म्हणत नाही. बाबांचंही झालं नसतं. पण ती चाळीस पानं त्यांनी एकट्याने तपासली, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. ती मला रोज दिसत होती.