बटणच्या मागे

"धरा, धरा हो त्याला!"

महानंदा ओरडत फाटकातून बाहेर पडली. पुढे आमचा कुत्रा बटण, शेपूट वर, कान मागे, आणि त्याच्या मागे ही, ओढणी कमरेला खोचून. मी उंबऱ्यापुढे रांगोळी घालत बसले होते. बटणचा एक पाय रांगोळीत पडला, हिचा दुसरा. एवढं निगुतीने काढलेलं कमळ, त्याचं पार पिठलं झालं.

"अगं, कडी नीट लावता येत नाही का तुला?" मी ओरडले. "घड्याळांच्या कारखान्यात केसाएवढे स्क्रू बसवतेस आणि घरची एक कडी लागत नाही?"

तोवर सूनबाई मारुतीच्या देवळाचं वळण घेऊन दिसेनाशा झाल्या होत्या. समोर यल्लाप्पा आपल्या कॉफीच्या दुकानापुढे झाडत होता. त्याने झाडू आडवा धरून बटणला अडवलं होतं, पण बटण नेहमीसारखा त्याच्या दोन पायांमधून निघून गेला.

"स्वल्प चुकलं, गंगव्वा," तो मला म्हणाला. "उद्या धरतोच बघा."

उद्या धरतो म्हणता म्हणता पावसाळा सरला होता. कानडी मुलखात, या चामराजपेटेत, आमची ही तिसरी पिढी. शिंप्याचं घर, पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. माझा वासुदेव ब्लाउज आणि सफारी शिवतो. बटण त्याच्याच मशीनखाली चिंध्यांत सापडला, कुठून आला देव जाणे. नाक इतकं काळं आणि गोल की कोटाचं बटण लावल्यासारखं, म्हणून बटण. खायचं माझ्या हातचं, झोपायचं माझ्या पायाशी, आणि पळून जायचं मात्र रोज सकाळी. माझ्या जिवाला केवढा घोर! गाडीखाली आला तर? महापालिकेच्या गाडीने उचलला तर?

म्हणून मी उपाय केले. नवी कडी बसवली. कडी उघडी. दोरीने बांधला. दोरी सुटलेली. शेवटी कुणाची नजर लागली असेल म्हणून अमावास्येला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या कुत्र्यावरून. वासुदेव मशीनवर बसून हसत होता.

"अव्वा, कुत्र्याला कसली नजर?"

"तू गप्प बस. तुझी बायको रोज त्याच्यामागे धावून अर्धी झालीय, ते दिसतं का तुला?"

ते मात्र खरं होतं. पोरगी वाळली होती. पण गंमत अशी की वाळूनही चेहऱ्यावर तेज आलं होतं. कारखान्यातून आली की पूर्वी पाठ धरून बसायची. आता गुणगुणत भाजी चिरायची. मला वाटलं, पगार वाढला असेल.

मग एका सकाळी यल्लाप्पाने खरोखरच बटणला धरलं. कॉफीच्या पोत्याची सुतळी गळ्यात बांधून, लढाई जिंकल्यासारखा तो आमच्या दारात आला.

"घ्या गंगव्वा, तुमचा चोर! बिस्किट दाखवलं आणि धरला. आधी का नाही सुचलं, सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. बटणला दूध दिलं, यल्लाप्पाला चहा दिला. कॉफीवाल्याला चहाच देते मी, दिवसभर तो दुसरं काय पितो? चहा झाला. बटणने वाटी चाटून पुसून घेतली आणि झोपलासुद्धा. पण महानंदाचा पत्ता नाही.

"अक्का कुठे राहिल्या?" यल्लाप्पा म्हणाला. "गांधी बझारकडे जाताना बघितलं मी. हाक मारली, 'कुत्रा धरला!' म्हणून. ऐकलंच नाही."

तेवढ्यात ती आली. उलट्या बाजूने आली, लालबागेकडून. घामाने निथळत, गाल लाल, आणि पळतच. अशी मस्त पळत होती की मी तिला आधी ओळखलंच नाही. दारात येऊन तिने बघितलं, बटण माझ्या पायाशी घोरतोय.

कुत्रा घरी. मग ही इतका वेळ कुणाच्या मागे पळत होती?

यल्लाप्पा शहाणा माणूस. "सरी, बरं, येतो मी," म्हणाला आणि कप ठेवून निघाला. मी कमरेवर हात ठेवले.

"बोल."

तिची बोबडी वळली. "अत्ते, ते... म्हणजे बटण... म्हणजे मी त्याला शोधत..."

ती मला अत्तेच म्हणते, इथल्या सगळ्या सुनांसारखी. आणि मला भितेही, हे काय मला माहीत नाही होय! मी नुसतं तिच्या पायांकडे बघितलं. कॅनव्हासचे बूट. टाच दुखते म्हणून घेतले होते. बरोबर, टाच.

मग तिने सांगून टाकलं. एकदा, फक्त एकदा, बटण खरंच पळाला होता. ती त्याच्यामागे लालबागेच्या फाटकापर्यंत धावली. "माहेरी, निपाणीजवळ, नदीवर मैत्रिणींशी शर्यत लावायचे, त्यानंतर मी पळालेच नव्हते, अत्ते. लग्नानंतर तर चालण्याचा वेगसुद्धा ठरलेला. त्या दिवशी पळाले आणि असं वाटलं, छातीत कुणीतरी खिडकी उघडली. बटण सापडला तेव्हा मला वाईट वाटलं!"

"मग रोज पळायचं सरळ. कुत्र्याचं नाव कशाला?"

"गेले ना दुसऱ्या दिवशी एकटी. चार जणांनी थांबवलं. काय झालं बाई, कोण मागे लागलंय, घरी भांडण झालं का? एक जण तर रिक्षा घेऊन आला, दवाखान्यात सोडतो म्हणून. आणि कुत्र्यामागे पळाले तर लोक वाट देतात. बोट दाखवून सांगतात, इकडे गेला, इकडे गेला! मग मीच कडी काढायला लागले."

मी कपाळाला हात लावला. माझ्या मीठ-मोहऱ्या! खरं सांगते, मला आधी राग आला आणि मग असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी. बटण दचकून उठला. ती घाबरून माझ्याकडे बघत होती, मग तीही हसायला लागली. अशा आम्ही दोघी दारात हसत उभ्या आणि वासुदेव गळ्यात टेप घालून बाहेर आला, काय झालं म्हणून.

तेव्हा दुसरी गोष्ट बाहेर पडली. सगळ्या कारखान्यांच्या कामगारांची एक शर्यत होणार होती, जानेवारीत. आधी पोहायचं, लगेच सायकल मारायची, सायकल टाकली की पळायचं. ट्रायथलॉन म्हणतात. हिने नाव दिलं होतं.

"एकाच दिवशी तिन्ही?" वासुदेव म्हणाला. "का? दिवस कमी पडले का त्यांना?"

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः उठले आणि फाटकाची कडी काढली. रांगोळी जरा बाजूला सरकवून घातली.

मग आमचं घर त्या शर्यतीला लागलं. पोहायच्या तलावावर बायकांची वेळ दुपारची, रविवारी. पोहायला तिला येतच होतं, नदीची पोर ती. अडचण कपड्यांची. दुकानातला पोहायचा पोशाख बघून तिनेच कानाला हात लावले. वासुदेव म्हणाला, मी शिवतो. लांब बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, शिंप्याच्या बायकोला शोभेलसा. शिवला छान, पण कापड घेतलं टेरिकॉट. पाण्यात उतरल्याबरोबर त्यात हवा भरली आणि सूनबाई फुग्यासारख्या तरंगायला लागल्या. बुडेच ना! तलावावरच्या मुली हसून लोळल्या. दुसरा बनियनच्या कापडाचा शिवला, तो जमला. बटण तेवढा वेळ तलावाच्या फाटकाबाहेर बसून रडगाणं गायचा आणि मी शेजारी शेंगा सोलत त्याची समजूत घालायचे.

सायकल वासुदेवची, दांड्याची. पुढे भाजीची टोपली बांधली आणि टोपलीत बटण. जे. पी. नगर ओलांडून आनेकलच्या रस्त्याला शेतं लागेपर्यंत दोघं जायची. येताना बटणच्या तोंडावर अशी ऐट, जणू पायडल त्यानेच मारलेत.

एवढं सगळं चाललं होतं आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी कोथिंबीर निवडत होते.

"अत्ते, मी नाही जात उद्या."

"का गं?"

"पळायचा रस्ता आपल्या दारावरून आहे. गांधी बझार, मग इथून, मग कॉलेजच्या मैदानात शेवट. बटणला नेता येत नाही." "पोहेन, सायकल मारेन. पण आपल्याच पेठेतून, सगळ्यांसमोर, नुसती मी... माझे पायच उचलणार नाहीत. आजवर मी पळतेय हे कुणाला माहीतच नाही. सगळ्यांना वाटतं, बटण पळतो."

मी जन्मात पळाले ती फक्त दूध उतू जाताना. पण तिचं रडवेलं तोंड बघवेना.

"जा तू," मी म्हटलं. "बटणला मी धरून बसते. उचलले पाय तर पळ, नाही उचलले तर दारात ये, गरम भात खा. घर आपलंच आहे."

दुसऱ्या दिवशी वासुदेवने तिच्या छातीवर नंबराचं कापड टाचलं, उसवू नये म्हणून वर चार टाकेही घातले, आणि तिच्याबरोबर तलावावर गेला. मी ओट्यावर बटणचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून बसले. पुरुष आले, धापा टाकत गेले. पोरं टाळ्या वाजवत होती. मग चार-पाच मुली गेल्या, आखूड चड्ड्या, लांब पाय. मग कुणीच नाही. लोक पांगले. यल्लाप्पाने दुकानातली गिरणी चालू केली, कॉफी दळायला लागला. भाजीची गाडी आली. रस्ता पुन्हा आपला रोजचा झाला.

सायकल मोडली की काय? कुठे रडत बसली की काय?

आणि बटणचे कान उभे राहिले.

ती रस्त्याच्या पलीकडच्या टोकाकडून आली. एकटीच. बनियनच्या कापडावर ओढणी कमरेला बांधलेली, केस ओले, पाय जड झालेले, पण पळत होती. बटणने असा हिसका दिला की माझं मनगट तुटतंय की काय वाटलं. मी त्याला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला. "थांब रे माझ्या राजा, आज नाही," त्याच्या कानात म्हटलं. आज हा सुटला तर सगळं मुसळ केरात. सगळे म्हणणार, गंगव्वाची सून पुन्हा कुत्र्यामागे पळाली.

यल्लाप्पाने तिला पाहिलं. गिरणी बंद करून तो सवयीने झाडू घेऊन रस्त्यात उतरला, तिच्या पुढे बघितलं, मागे बघितलं.

"अक्का, कुत्रा कुठे?"

भाजीवाली थांबली. न्हाव्याच्या दुकानातून दोन फेसाळलेली तोंडं बाहेर डोकावली. महानंदाचा पाय अडखळला.

"घरी आहे, अण्णा!" ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "आज मीच पळतेय!"

यल्लाप्पाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर तडफडणारा बटण पाहिला. मग तिच्या छातीवरचा नंबर. किती दिवसांच्या सकाळी त्याच्या डोक्यात एकदम उलगडल्या कुणास ठाऊक. तो बाजूला झाला आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला झाडू आडवा घातला.

"ए, दारी बिडो! वाट सोड! आमची अक्का पळतेय!"

न्हाव्याच्या दुकानातून टाळ्या आल्या. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा हसत होती, रडत होती, दोन्ही. थांबली नाही. मी हातसुद्धा हलवू शकले नाही, हातात बटण होता. मारुतीच्या वळणावरून ती मैदानाकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

मैदान तिथून जवळच. तिथे शेवट. तिथे वासुदेव उभा असेल, लोक असतील, आणि माझी सून आत येताना मी ओट्यावर बसलेली असेन, हे काही मला सहन होईना. चालत जावं तर पोहोचेपर्यंत सगळं आटपलेलं. पळावं तर या वयात, नऊवारी नेसून, भर रस्त्यात? लोक काय म्हणतील?

मी बटणकडे बघितलं. बटणने माझ्याकडे बघितलं.

मी पट्टा सोडला. तो सुसाट सुटला. मी काष्टा घट्ट केला आणि ओट्यावरून उतरले.

"धरा, धरा हो त्याला!"

यल्लाप्पा झाडू घेऊन उभा होता. त्याच्या अगदी पायाशी बटण आला, पण तो मुळीच वाकला नाही. हसून बाजूला झाला आणि मला वाट दिली.