नावाडिणीची डावी बाही

सोमवारी सकाळी नव्या खेळाची दीड मिनिटांची झलक लोकांसमोर आली आणि दुपारपर्यंत शिंप्याची अन्नावरची वासना उडाली.

शिंपी हे त्याचं ऑफिसातलं नाव. व्हिडिओ गेममधल्या पात्रांचे कपडे, चेहरे, हातपाय, केस, चपला ठरवायच्या हे त्याचं काम. प्रत्यक्षात त्याला शर्टाचं तुटलेलं बटणही लावता येत नसे, आणि नाव चिकटलं ते त्यामुळेच. नऊ वर्षांपूर्वी त्याने एक नावाडीण घडवली होती. पुराच्या पाण्यातून लोकांना पलीकडे नेणारी, मोजकं बोलणारी, जाड निळ्या कोटातली बाई. कोटाची उजवी बाही मनगटापर्यंत होती आणि डावी इतकी लांब, की आतला हात दिसतच नसे. तो खेळ अफाट चालला. आता त्याचा दुसरा भाग यायचा होता, आणि झलकेत नावाडिणीच्या दोन्ही बाह्या सारख्या होत्या. डावा हात चक्क बाहेर आला होता. पाच बोटांचा, वल्ह्यावर घट्ट.

एवढ्यावरून चाहत्यांनी जग डोक्यावर घेतलं. नऊ वर्षं ही मंडळी त्या बाहीचा कीस काढत बसली होती. कुणी म्हणे आत सुरा आहे, कुणी म्हणे तिने तो हात नदीला देऊन टाकलाय. एका गृहस्थाने यावर चाळीस पानं लिहिली होती, आणि ती वाचून त्याला खोडून काढणारेही निघाले होते. आता एक बाजू म्हणत होती की नवा कोट शहाणपणाचा आहे, ओली लोंबती बाही घेऊन कोण वल्हं मारेल? दुसरी बाजू म्हणत होती की मग ही आमची नावाडीण नव्हेच, तिची बहीण असेल. एका बाईने स्वतः शिवलेल्या निळ्या कोटाचा फोटो टाकला होता. लांब बाहीशेजारी कात्री ठेवलेली, आणि खाली एकच ओळ: आता कापू का?

तो फोटो शिंप्याने दिवसभरात पंधरा वेळा पाहिला.

बाहीचं खरं कारण त्याच्या समजुतीने दोनच माणसांना माहीत होतं, त्याला आणि ॲनिमेटरला. या धंद्यात उजवा हात नीट घडवायचा आणि आरशातल्यासारखा उलटवून त्याचाच डावा करायचा, ही जुनी सोय आहे. वेळ वाचतो. त्या वेळी घाईघाईत त्याने हात आणि तो हलवणारी आतली हाडं सगळं एकदम उलटवलं, आणि हाडांची नावं बदलायची राहून गेली. त्या हाताला आपण डावे आहोत हे कळलंच नाही. बोटं मिटायला सांगितली की मधली तीन एकमेकांत घुसत आणि त्यांचा गोळा होई. काम हातावेगळं करायला दोन दिवस उरले होते. ॲनिमेटर कपाळाला हात लावून बसला, आणि शिंप्याने बाहीचं टोक धरून खाली ओढलं. वीतभर. हात झाकला, काम पुढे गेलं, दोघं घरी जाऊन झोपले.

इथवर गोष्ट हसण्यासारखी होती. पण शिंप्याला एक भाची होती.

ताईची ही एकुलती एक मुलगी जन्मली तीच डाव्या हाताची मधली तीन बोटं आखूड आणि एकमेकांना जोडलेली घेऊन. दोन ऑपरेशनं झाली, फारसा फरक पडला नाही. खेळ आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. मामाच्या मांडीवर बसून तिने नावाडीण पाहिली, बाही पाहिली आणि विचारलं, "मामा, हिचा पण हात माझ्यासारखाच आहे ना?"

"हो," मामा म्हणाला.

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. पण हो म्हणणं हा त्याचा जुना आजार होता. त्या आठवड्यात ताईने पोरीच्या हट्टापायी निळा कोट शिवून दिला, डावी बाही वीतभर लांब. तोवर जी पोरगी तो हात दप्तराच्या पट्ट्यात अडकवून ठेवायची, ती वर्गात उत्तर द्यायला तोच हात वर करायला लागली. मामाने ती नावाडीण आपल्यासाठी केलीय, असं तिने शाळेच्या निबंधात लिहिलं आणि बाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. पुढे एकदा तिने कोट घालणं सोडलं. वाढत्या वयाचं असेल, म्हणून शिंप्याने तो विषय काढला नाही. खोटं मात्र तिथंच राहिलं, नऊ वर्षं.

मंगळवारी प्रोड्यूसरबाईंनी त्याला बोलावलं. ॲनिमेटरकडून त्यांना सगळं कळलं होतं. शुक्रवारी चारला चाहत्यांशी थेट गप्पांचा कार्यक्रम ठेवलाय, त्यात तू बाहीची खरी गोष्ट सांग, म्हणाल्या. हात बिघडला, दोन दिवस उरले, म्हणून झाकला. लोक हसले की निम्मा राग जातो, आणि तुझ्या तोंडून ती गंमत वाटेल. शिंप्याने मान हलवली. खुर्चीवर येऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा हो म्हणून आलोय.

एरवी भाची दिवसाला वीस मेसेज पाठवायची. सोमवारपासून एकही नव्हता. त्याने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. बुधवारी ती नावाडिणीच्या चाहत्यांच्या ऑनलाइन अड्ड्यावर तर काही लिहीत नाही ना, म्हणून तो एकेक टोपणनाव तपासत बसला. जो कुणी रागाने लिही, तो तिचाच आवाज वाटे. शुक्रवारी हजारो लोकांसोबत तिला कळणार की मामाने आपल्याला थाप मारली होती, आणि तो त्यावर हसत असणार. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्याला त्या तीन दिवसांत कळलं.

गुरुवारी काम संपल्यावर तो सरळ ताईकडे गेला. दार उघडताच ताई म्हणाली की पोरगी सोमवारपासून धड बोलत नाहीये, तूच काहीतरी केलं असणार. भाची आतल्या खोलीत टेबलाशी होती. समोर झलक थांबवून ठेवलेली, नेमकी वल्ह्यावरच्या हाताशी.

शिंप्याने वाटेत भाषण तयार केलं होतं, ते दारातच गळालं. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं: उलटवलेला हात, तीन बोटांचा गोळा, खाली ओढलेली बाही, आणि मांडीवरच्या आठ वर्षांच्या मुलीला दिलेला तो हो.

"मला माहीत आहे," भाची म्हणाली.

आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीने खेळाच्या फाइली उघडून नावाडिणीचा कोट उतरवून दाखवला होता. आतला हात तेव्हाच पाहिला, असं तिने शांतपणे सांगितलं. घरी येऊन कोट कपाटात टाकला तो त्याच दिवशी.

"राग आला होता माझा?"

"राग कशाला? आत काय आहे हे माहीत नव्हतं तोवर मला बाही हवी होती. आत माझाच हात निघाला. मग बाही कशाला?"

"पण ती चूक होती गं. मी तो मुद्दाम तसा केलाच नव्हता."

"माझाही कुणी मुद्दाम नव्हता केला."

शिंपी खाली बसला. भाचीने पडदा त्याच्याकडे वळवला.

"झलकेत बाही वर गेलेली दिसली तेव्हा मी आनंदाने ओरडले, विचार आईला. मग हात दिसला. तू तो सरळ का केलास?"

त्या नव्या हातावर शिंप्याने तीन आठवडे घालवले होते. नखं, शिरा, वल्ह्याचे घट्टे, सगळं जीव ओतून. नऊ वर्षांपूर्वीची चूक आपण निस्तरतोय याचं त्याला फार समाधान वाटलं होतं. आणि त्या तीन आठवड्यांत त्याला भाचीचा हात एकदाही आठवला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने बाहेरून चहा झाला म्हणून हाक मारली, तरी दोघं तशीच बसून राहिली.

शुक्रवारी प्रोड्यूसरबाई पर्स टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच तो त्यांच्यासमोर उभा राहिला. जुना हात परत हवा, बाहीबाहेर, तीन बोटं जोडलेली, असं त्याने सांगितलं. बाईंनी आधी त्याला बरं वाटत नाहीये का ते विचारलं. मग ॲनिमेटरला बोलावलं. ॲनिमेटर म्हणाला की दिसायला ठीक आहे, पण बोटं मिटणार नसतील तर वल्हं धरणार कसं? निसटेल. शिंपी म्हणाला, निसटत नाही. भाचीला सायकल चालवताना, दुधाचं पातेलं उतरवताना त्याने हजारदा पाहिलं होतं. पण ती नेमकं कसं धरते, हे विचारल्यावर त्याला सांगता येईना. इतक्या वर्षांत त्या हाताकडे त्याने कधी सरळ पाहिलंच नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून नजर दुसरीकडे वळवायची, अशी सगळ्या घराचीच सवय होती.

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजायच्या आत हा ॲनिमेटर जमेल म्हणाला तर तसं लोकांना सांग, नाहीतर ठरलेली गंमत सांग, आणि वर हसूनही दाखव, एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

शिंप्याने फोन करून बोलावलेली भाची कॉलेज सुटल्यावर आली तेव्हा तीन वाजून गेले होते. ऑफिसातल्या गारठ्यामुळे तिने स्वेटर घातला होता. वल्हं कुठून आणणार, म्हणून ॲनिमेटरने फरशी पुसायचा दांडा आणला आणि समोर कॅमेरा लावला. शिंप्याने तिला हळूच बाजूला घेऊन विचारलं की चूक तर मी सांगेनच, पण तुझ्याशी खोटं बोललो तेही सांगायचं का.

"ते घरातलं आहे," ती म्हणाली. "बाकीचं सांग. आणि ते लोक तरीही भांडणारच आहेत, तेव्हा जास्त समजावत बसू नकोस."

तिने दांडा धरला. अंगठा खालून, करंगळी पलीकडून, आणि मधली तीन बोटं वरून नुसती टेकलेली. जोर तळव्याचा आणि खांद्याचा. दांडा मागे गेला, पुढे आला, निसटला नाही. ॲनिमेटर खुर्चीवरून उठून जवळ आला. परत एकदा, सावकाश, म्हणाला. तिने परत केलं. तो गुडघ्यांवर बसून पाहायला लागला आणि शिंप्याकडे न बघताच म्हणाला की हे तर सरळ हातापेक्षा खरं दिसतंय. मग त्याने कॅमेऱ्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

"बाही मध्ये येतेय."

भाचीचे दोन्ही हात दांड्यावर होते.

"मामा, जरा वर कर ना."

शिंपी वाकला. स्वेटरची डावी बाही त्याने एक घडी वर घेतली, मग दुसरी. घडी वाकडीतिकडी बसली. शेजारच्या खोलीतून प्रोड्यूसरबाईंची हाक आली, चाराला पाच मिनिटं उरली होती.

"अजून थोडी," ॲनिमेटर म्हणाला.

त्याने बाही कोपरापर्यंत नेली आणि ती पुन्हा खाली घसरू नये म्हणून तिथेच धरून उभा राहिला.