नवऱ्याचं रक्त

रंगारी अंगणात टर्पेंटाईनने ब्रश धूत बसला होता. आत त्याची पोटुशी बायको दवाखान्यात जायला निघाली होती. दारात येऊन ती म्हणाली, "अहो, आज तरी चला ना. नर्सबाई दर वेळी विचारतात, नवऱ्याचं रक्त एचआयव्हीसाठी कधी तपासायचं म्हणून."

भाजी चिरता चिरता सासू फणकारली, "त्याला कशाला? पोट तुला आलंय की त्याला? तुझा रिपोर्ट चांगला आलाय ना, मग त्याचाही चांगलाच."

"पण आई..."

"पण काय? नवऱ्यावर संशय घेतेस? आमच्या घरात कुठल्या पुरुषानं असली तपासणी केली नाही. मोठी आलीय नवऱ्याला तपासणारी!"

सुनेचे डोळे भरून आले. रंगारी मान खाली घालून ब्रश चोळत राहिला. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

मागच्या महिन्यात परगावी लॉज रंगवायला गेला असताना तो एका अनोळखी बाईजवळ झोपला होता. निरोध वापरला नव्हता. घरी परतल्यावर बायकोजवळही तसाच गेला. तिचा रिपोर्ट चांगला, म्हणजे आपलाही चांगला, असं तोही मनाला समजावत आला होता. पण तो रिपोर्ट परगावच्या कामाच्या आधीचा होता. हे घरात फक्त त्यालाच कळत होतं, आणि बोलणी मात्र ती खात होती.

"माहेरी हेच शिकवलं का गं तुला?" आई थांबेना.

"आई, पुरे कर!" तो उठला. "तिचं काही चुकलेलं नाही. शेण मी खाल्लंय. परगावी."

सुरी थांबली. बायकोने विचारलं, "कधी?"

"गेल्या महिन्यात."

"आणि तसेच माझ्याजवळ आलात?"

तो ब्रश टाकून तिच्यासोबत दवाखान्यात निघाला.

दवाखान्यात नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दोघांचंही रक्त घेते. आज काही निघालं नाही तरी सुटलो असं समजू नका. लागण लगेच दिसत नाही, पुन्हा यावं लागेल. तोवर निरोधाशिवाय जवळ जायचं नाही. आणि निघालंच, तर औषधं आहेत. ती वेळेवर सुरू झाली, तर बाळाला लागणीपासून बहुतेक वेळा वाचवता येतं."

"माझंच घ्या," तो पुटपुटला. "तिला कशाला सुई?"

"हे तेव्हा सुचायला हवं होतं," बायको म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

बाहेर बाकावर आणखी बऱ्याच गरोदर बायका बसल्या होत्या. एकीसोबतही नवरा आलेला नव्हता.