आईंना गोड करू नकोस

"अगं थोरले, माझ्या शोकसभेत तूच बोल. धाकटी मला उगीच गोड करून टाकेल," सासूबाई शेवटच्या दुखण्यात म्हणाल्या होत्या, आणि थोरल्या सुनेने घाबरत का होईना, शब्द दिला होता.

आज मात्र माइक धाकटीनेच आधी धरला. "आईंनी कधी आवाज चढवला नाही," ती म्हणाली आणि सभागृहात रुमाल निघाले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुखणं काढलं मी, आणि लोकांना रडवते ही! देवा, हिची जीभ मला का नाही दिलीस?

"ताई, तुम्ही राहू द्या. तुम्हाला घाम फुटतो," जागेवर येत धाकटी कुजबुजली.

"फुटू दे. मला त्या रोज ओरडायच्या, आणि मला त्याच आई हव्यात," असं पुटपुटत थोरली हळूच उठली आणि माइककडे निघाली.