ताईचा आकडा

जगातली प्रत्येक वस्तू आवाज पिते आणि ती किती पिते यावरच तिची खरी लायकी ठरते. हे वचन आमच्या भावोजींचं. आता तत्त्वज्ञान सुरू होणार म्हणून ऐकणारा सावरून बसे, तर पुढचं वाक्य छताला लावायच्या फळ्यांबद्दल असे.

नोकरीच ती होती त्यांची. प्रयोगशाळेतल्या रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीत आवाज काढायचा, तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग नमुना ठेवून पुन्हा मोजायचं. फरकावरून नमुन्याला आकडा मिळे. गुळगुळीत फरशी शून्याच्या जवळ, जाड लोकरी नमदा एकाच्या. खोलीत माणूस मात्र नको. माणूसही आवाज पितो.

निवृत्तीनंतर त्यांनी घरचा दिवाणखाना मोजायला घेतला, तेव्हा माझी थोरली बहीण सोफ्यावर आडवी झाली होती.

"ऊठ, आकडा बिघडेल."

"बिघडू दे. माझे गुडघे आधीच बिघडलेत."

भावोजींनी चरफडत टाचणीने फुगा फोडला. आवाज काढायची ही त्यांची घरगुती पद्धत. यंत्रावर आकडा आला.

"यात माझा किती?" ताईने विचारलं.

"रिकामी खोली मोजल्याशिवाय कसं सांगू? तू उठशील तेव्हा बघू."

पुढे ते राहूनच गेलं. मग ताई गेली.

आता भाचीला बाबांना आपल्या घरी न्यायचंय. पण भावोजी सोफ्याला, पडद्यांना, कशालाच हात लावू देत नाहीत. एक मोजणी राहिलीय म्हणतात. सगळं तेव्हासारखंच हवं, फक्त ती नको. ते स्वतः दोन्ही वेळा खोलीत, म्हणून हिशेबातून वजा.

"बाबा, काल का नाही मोजलंत?"

"खाली कुत्रं भुंकत होतं."

"आणि परवा?"

"परवा ते भुंकेलसं वाटत होतं."

आज खाली टेम्पो येऊन उभा राहिला. कुत्र्यानेही सहकार्य केलं. भावोजींनी फुगा फुगवून गाठ मारली आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. दाराबाहेर आम्ही कानांवर हात ठेवून उभे राहिलो. बराच वेळ काहीच फुटलं नाही.

"मामा, टाचणी सापडत नसेल का हो?"

"हातातच होती त्यांच्या."

शेवटी आम्ही आत गेलो. भावोजी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. कुणी आडवं झालेलं असताना बसावं, तसे. फुगा मांडीवर होता, टाचणी पुन्हा शर्टाला खोचलेली.

"एकदा मोजलं, की खोली रिकामी होती असं ठरतं," ते म्हणाले.

भाची त्यांच्या पायाशी बसली. टेम्पोवाल्याने खालून हॉर्न दिला. या वेळी कोणी मोजत नव्हतं, त्यामुळे तो खोलीत बराच वेळ राहिला.

भावोजींनी फुगा लेकीपुढे धरला.

"एवढी गाठ सोडव गं. कालच नखं कापलीत."