राजाला उचलणार कोण?

माझा दादा मरण्यात पटाईत आहे. आमच्या नाटक मंडळीत त्याच्याइतकं सावकाश कोणी मरत नाही. विष प्यायल्यावरही त्याला चौदा ओळी बोलायच्या असतात, आणि तो त्या सतरा करतो. मी मंडळीची शिवणकाम करणारी. तो पडला की झगा कुठे उसवला, एवढंच मी बघते.

यंदा दिग्दर्शक बाईंनी प्रबोधनकाळातली शोकांतिका काढली. राजा भावाचा खून करून गादीवर बसतो, आणि शेवटी सात मुडदे पडतात. पहिल्या वाचनाला धाकट्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, विचारलं, "एकाच्या पापापायी सगळ्यांनी कशाला मरायचं?"

बाई म्हणाल्या, "त्या काळी लोक मानायचे की जग म्हणजे एक उतरंड आहे. वर देव, खाली राजा, मग सरदार, प्रजा, जनावरं, अगदी दगडधोंड्यांपर्यंत. वरचा हलला की खालचे सगळे गडगडणार. म्हणून जो उरतो, त्याने शेवटी पुढे होऊन घडी बसवायची."

आमच्या घरात ही उतरंड आधीपासूनच होती. वर दादा, मग दादाचा आरसा, मग बाकीचे.

उरणारा सेनापती धाकटा होता. शेवटचं भाषण त्याचं. "मी मेल्यावर हा बोलणार?" दादाने बाईंना विचारलं. धाकट्याला नाही, कारण नऊ वर्षं दोघं एकमेकांशी फक्त नाटकात लिहिलेलंच बोलत होते.

खरी पंचाईत पुढे होती. त्या काळच्या रंगमंचाला दर्शनी पडदा नसायचा. मेलेला नट आपला आपण उठून गेला तर लोक हसणार, म्हणून जिवंत पात्रांनीच मुडदे उचलून न्यायचे. बाईंनीही पडदा काढून टाकला. राजाला तीन शिपाई आणि सेनापती उचलणार होते.

"भाषण करीन," धाकटा म्हणाला, "पण याला हात लावणार नाही."

कारण मला ठाऊक होतं. बाबा गेले त्या दिवशी दादाचा प्रयोग होता. प्रयोग रद्द होत नसतो, म्हणाला, आणि तिकडे टाळ्या घेत मेला. इकडे धाकट्याने तीन शेजाऱ्यांना गोळा करून बाबांना उचललं. मला दोघांचाही राग यायचा. दादाचा त्या दिवसासाठी, धाकट्याचा पुढच्या नऊ वर्षांसाठी.

तालमीत दादाने तोडगा सुचवला. "मी विंगेजवळच मरतो. मला आत ढकला."

"राजा आहात, पिंप नाही," बाई म्हणाल्या.

धाकटा शेवटपर्यंत बधला नाही. आता तिघंच निभावतील, म्हणून बाईंनी हात टेकले.

पहिल्या प्रयोगाला दादा एकोणीस ओळी मेला. धाकट्याने भाषण केलं, "उचला यांना" म्हणाला आणि बाजूला झाला. तिघांनी उचललं. पण दादाचं वजन एकशे आठ किलो. उजवा खांदा लोंबायला लागला, मुकुट घरंगळला, डोकं पायरीच्या कडेला आपटायच्या बेतात आलं. दादा डोळे मिटून गप्प. प्रेक्षकांत कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी चारजण.

धाकट्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता आठवा मुडदा पडतो. दादाला हसायचा हक्क आमच्या घरात फक्त आम्हा दोघांना आहे. तो वाकला, दादाच्या उजव्या खांद्याखाली स्वतःचा खांदा घातला आणि उठला. नाट्यगृह चिडीचूप झालं.

विंगेत मी झगा सोडवायला उभी होते. त्यांनी दादाला फळीवर ठेवलं. शिपाई दम टाकत बाजूला झाले. धाकट्याचा हात अजून दादाच्या मानेखालीच होता.

"बाबा जड होते का रे?" दादाने विचारलं. डोळे मिटलेलेच.



"तुझ्या निम्मेही नव्हते," धाकटा म्हणाला. "पण एक शेजारी बुटका होता. सगळा भार माझ्याकडे आला."

बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. बाई हातवारे करून दोघांना नमस्काराला बोलावत होत्या. दादाच्या मिटल्या डोळ्यांतून रंग ओघळत कानात चालला होता, आणि उठायचं नाव कोणीच घेत नव्हतं.