खोबरेल

जपानमधल्या इचिकावातल्या घरासमोर बाबा गाडीच्या दारांच्या आक्रसलेल्या रबराला खोबरेल चोळत होते.

“तेलाने रबर खराब होतं, बाबा,” नैना म्हणाली.

“लहानपणापासून चोळतोय, तुझे केस झाले का खराब?”

“मी रबराची नाहीये.”

“ताणून धर जरा, बोलतेस काय नुसती.”

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतच गेले.

गाडी होती तशी ठेवायची असं नैनाने ठरवलं. पण पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातल्या फटीतून पाणी शिरलं आणि बाबांची सीट कुबट झाली. तिने सोल्युशन लावून रबर पुन्हा पुन्हा दाबलं. ते चिकटेचना, इतकं खोबरेल त्यात मुरलं होतं. शेवटी ती त्या ओल्या सीटवरच बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “या देशात मला तुमच्याशिवाय कुणी नाही हो.”